टक्का

बँकेत वीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते : दर आपण ठरवायचा नसतो, तो वरून येतो. स्वखर्चाने छापलेल्या माझ्या एकुलत्या एक पुस्तकाचाही टक्का विक्रेत्यानेच ठरवला होता. चाळीस! उरलेल्या साठांचे काय झाले, ते आमच्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांना विचारा.

म्हणून अमेरिकेतल्या लीफ कॉरकोरनची हकिकत कळली, तेव्हा मी चष्मा पुसून घेतला. वाचकाने निवडाव्या त्या वाटेने जाणारी, संगणकावर वाचायची गोष्ट तशी जुनी. मायकेल जॉइसने १९८७ साली लिहिलेली अशी गोष्ट पुढे चक्क फ्लॉपीवर विकली गेली. २००९ साली ख्रिस क्लिमसने ‘ट्वाइन’ फुकट दिले आणि कुणालाही अशा गोष्टी रचता येऊ लागल्या. पण विकायच्या कुठे?

२०१३ साली कॉरकोरनने ‘इच डॉट आयओ’ हा बाजार मांडला. मुख्यतः संगणकावरच्या खेळांसाठी. पण हे गोष्टवालेही तिथे पथारी पसरू लागले. ‘साभार परत’ची चिठ्ठी नाही! आणि २०१५ साली त्याने कमालच केली. विक्रीतला आमचा टक्का किती, ते तुम्हीच लिहा म्हणाला. शून्यसुद्धा चालेल!

आमचे मॅनेजर हसले. “अहो, सगळे शून्यच लिहितील!”

लिहितीलही. मी मात्र दहा लिहिले असते. दुकान उद्याही उघडे राहायला हवे, एवढे कॉमर्सवाल्याला कळते. पण आयुष्यात एकदा तरी कुणी विचारायला हवे होते हो!