३०५० मिमी आले कुठून?

एखाद्या क्रीडासंकुलाचा कॅड नकाशा उघडून बघा. त्यातला बास्केटबॉलचा खांब सहसा कोणी एकेक रेषा ओढून काढलेला नसतो, तो तयार ‘ब्लॉक’ असतो. लायब्ररीतून उचलला, मैदानाच्या एका टोकाला ठेवला, उलटवून दुसऱ्या टोकाला लावला. झालं काम! माझ्या संशोधनात मी अशाच ब्लॉक्सचा माग काढतेय आणि हा खांब त्यातला माझा लाडका.

त्याची रिंग जमिनीपासून ३०५० मिमीवर असते. हा आकडा कुठल्या मोजमापी अभ्यासातून आलेला नाही बरं का. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्ज्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून घेतल्या. सज्ज्याचा कठडा १० फुटांवर होता, म्हणून टोपलीही १० फुटांवर. पुढे सज्ज्यातले प्रेक्षक चेंडूला हात घालू लागले, तेव्हा टोपलीमागे फळी आली. आता सज्जा नाही, पण उंची आणि फळी तशीच आहे. १० फुटांचे होतात ३०४८ मिमी, त्याचे सोयीने ३०५० झाले.

ब्लॉकमागची कल्पना इव्हान सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये दिसते. एमआयटीतलं १९६३ सालचं पीएचडीचं काम. (हो, पीएचडीतून असंही काही निघतं!) मूळ आकृती एकदाच काढायची, प्रती हव्या तितक्या. मूळ बदललं की प्रती आपोआप बदलतात. १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि पुढे ही सोय साध्या पीसीवर पोचली. फक्त एक मेख आहे: हा बदल त्या फाइलीपुरताच. दुसऱ्या फाइलीत गेलेला ब्लॉक जुन्या चुकांसकट तसाच फिरत राहतो.

आणि ब्लॉकमध्ये वस्तू असते, खेळाडू नसतो. फिबाच्या नियमांत २८ × १५ मीटरच्या मैदानाभोवती किमान २ मीटर मोकळी जागा लागते, डोक्यावर ७ मीटर. एका नकाशात मला अंतिम रेषा भिंतीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर दिसली. खांब भिंतीला टेकलेला. कागदावर सगळं व्यवस्थित बसलं होतं! पण ले-अप मारायला जोरात आलेली मुलगी थांबणार कुठे?

तेव्हापासून माझ्या ब्लॉकमध्ये मी तुटक रेषेने ती २ मीटरची पट्टी काढून ठेवलीये. छपाईआधी लोक तो लेअर बंद करतात, ते वेगळं.