कंपनीला जात नसते काय?

‘नेटवर्क’ हा अमेरिकन चित्रपट १९७६ साली आला. पटकथा पॅडी चायेफ्स्की यांची, दिग्दर्शन सिडनी ल्युमेट यांचे. त्यातील एक भाषण जगभर गाजले. दूरचित्रवाणीवरचा एक बातमीदार आपल्याच कंपनीच्या एका परदेशी व्यवहाराविरुद्ध लोकांना चेतवतो आणि तो व्यवहार अडचणीत येतो. तेव्हा कंपनीसमूहाचा प्रमुख त्याला लांबलचक टेबलाच्या अंधाऱ्या सभागृहात बोलावून घेतो आणि जगाचे खरे रूप समजावून सांगतो. राष्ट्रे, लोकसमूह, लोकशाही या कल्पना जुन्या झाल्या; आता उरला आहे तो फक्त पैशाचा प्रवाह आणि मोठमोठ्या कंपन्या. एक दिवस सारी माणसे एकाच महाकंपनीचे भागधारक होतील आणि मग युद्ध, भूक, अन्याय काहीच राहणार नाही. बातमीदाराला हे ईश्वरी सत्य वाटते आणि तो त्याचा प्रचारक बनतो.

हे भाषण ऐकून पांढरपेशा प्रेक्षक भयभीत होतो, कारण त्याचे राष्ट्र आणि त्याची संस्कृती त्यात विरघळते. पण दलित वाचकाने ते ऐकले तर त्याच्या मनात एक वेगळाच प्रश्न उभा राहील. राष्ट्र, वंश, परंपरा यांना कंपनी मोजत नसेल, तर ती जातीलाही मोजणार नाही काय? ज्या परंपरेने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले ती पैशाच्या प्रवाहात वाहून गेली, तर आपण का रडावे? १९९१ नंतर आपल्या चळवळीतही हा विचार उघडपणे मांडला जाऊ लागला. बाजाराला जात कळत नाही, तेव्हा सरकारी नोकरीच्या मागे न लागता दलितांनी बाजारात उतरावे, असे सांगितले जाते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधणारे माझे विद्यार्थीही हेच विचारतात. या प्रश्नाची टवाळी करण्यात अर्थ नाही. इतिहासाच्या कसोटीवर तो घासून पाहिला पाहिजे. त्यासाठी अमेरिकेला जाण्याचीही गरज नाही. कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून महाडकडे निघाले की सावित्रीच्या खाडीकाठी दासगाव लागते. तेथूनच सुरुवात करता येईल.

१७५६ साली पेशव्यांशी झालेल्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीला बाणकोटचा किल्ला आणि भोवतालची काही गावे मिळाली. त्यांत दासगावही होते. म्हणजे पेशवाई बुडण्याच्या ६२ वर्षे आधी सावित्रीच्या काठावर एका कंपनीचे राज्य आले होते. भागधारक असलेली, नफा वाटणारी, संचालक मंडळ लंडनला बसणारी ही कंपनी होती. चित्रपटातील प्रमुखाने जे भविष्य म्हणून सांगितले ते आपल्या खाडीने दोनशे वर्षे आधीच पाहिले होते.

या कंपनीने महारांना सैन्यात घेतले. तिला लढणारे, काटक, कमी पगारावर राहणारे शिपाई हवे होते आणि ते या दक्षिण कोकणात मिळत होते. त्या पलटणींमुळे आपल्या समाजात अक्षर आले हे कबूल केलेच पाहिजे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातूनच आले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही सैन्यातलेच. परंतु कंपनीने समतेसाठी दार उघडले होते असे समजणे चूक ठरेल. तसे असते तर तिने शाळेचे दारही उघडले असते. १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने उलटीच सूचना लिहून ठेवली. खालच्या जातींची मुले चांगली शिकतात हे त्याला मान्य होते. पण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर वरच्या जाती त्याकडे फिरकणार नाहीत, अशी त्याला भीती होती. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारने त्या नकारात हात घातला नाही. सवर्णांना दुखावणे परवडणार नाही, हा हिशेब त्यामागे होता. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले, पण तिची रीत सरकारने चालू ठेवली. सैन्याच्या गरजा बदलल्या तेव्हा १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या आज्यापणज्यांनी कंपनीसाठी रक्त सांडले होते, त्यांच्या वतीने वलंगकरांना अर्ज लिहावा लागला. ‘नेटवर्क’मधील बातमीदाराचा शेवट असाच होतो. कंपनीचा मंत्र तो जपू लागतो, पण त्याचे प्रेक्षक घटतात. तेव्हा कंपनीचे अधिकारी त्याला गोळ्या घालण्याचा बेत करतात आणि तडीस नेतात. उपयोग संपला की नातेही संपते.

दुसरी कसोटी शेजारच्याच जिल्ह्यातली आहे. मुळशी खोऱ्यात टाटा पॉवर कंपनीने धरण बांधायला घेतले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. खाजगी कंपनीची गरज ही ‘सार्वजनिक’ गरज ठरली. पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती, आणि बऱ्याचशा जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या घरी आधीच पोचल्या होत्या. मोबदला मिळतो तो कागदावरच्या मालकाला. कसणाऱ्या कुळाच्या हाती काय राहिले? आणि गावाच्या बलुत्यावर जगणाऱ्या माणसाचे काय? गाव बुडाले की बलुते बुडते, गुरे चारायचा माळ बुडतो, सरपणाचे रान बुडते. यातल्या कशाचीही नोंद मोबदल्याच्या यादीत होत नाही. जो गावगाड्यात सर्वांत खाली, तो कंपनीच्या हिशेबात मुळी धरलाच जात नाही. जातीने ज्याला मालकी नाकारली, त्याला कंपनीने मोबदला नाकारला. कंपनीने नवी जात निर्माण केली नाही. जुन्या जातीने लिहून ठेवलेला कागद तिने जसाच्या तसा स्वीकारला.

मुळशीचे ते पाणी सह्याद्री उतरून माणगाव तालुक्यातील भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागले ते १९२७ साली. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकाच कुलाबा जिल्ह्यात, एकाच वर्षी, पाण्याचे हे दोन इतिहास घडले. पण टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज कशासाठी होती? मुख्यतः मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांच्यासाठी. त्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यात कांडी बसवताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणकामात मजुरी जास्त होती. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. येथे नीट विचार केला पाहिजे. गिरणीचा मालक सोवळे पाळत होता म्हणून हे चालले काय? मुळीच नाही. त्याला जातीचे प्रेम नव्हते आणि द्वेषही नव्हता. मजूर आपसांत विभागलेले राहणे त्याच्या सोयीचे होते, आणि रूढी मोडण्यात त्याचा नफा नव्हता. कंपनीला जात नसते हे खरे मानले, तरी जात वापरायला तिला काहीच अडचण येत नाही.

म्हणूनच १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एकत्र सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, असा खुलासाही त्यांनी केला. आपल्याकडे काहींना यातला एकच शत्रू दिसतो आणि काहींना दुसराच. एकाशी लढताना दुसऱ्याला मित्र मानण्याची चूक त्यामुळे वारंवार होते.

महाडच्या लढ्यात या प्रश्नाचा आणखी एक धागा आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? हे तळे सार्वजनिक नाही, ते खाजगी आहे. २५ डिसेंबरला बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगावच्या बंदरावर उतरले आणि हजारो सत्याग्रही महाडपर्यंत चालत गेले, तेव्हा त्या दाव्यावरची तात्पुरती मनाई त्यांच्यासमोर होती. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे होते, सर्वांचे होते, म्हणूनच हक्क सांगता आला. ते कुणाचे खाजगी ठरले असते तर ठराव, कायदा, सत्याग्रह सारे काही कुंपणापाशी थांबले असते. ‘खाजगी’ हा शब्द आपल्या विरुद्ध वापरला गेलेला कायदेशीर बचाव आहे, हे आपण विसरता कामा नये.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे मांडलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याकडे असावा, शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, अशी मागणी केली. राज्याने हात काढून घेतला म्हणजे माणूस स्वतंत्र होत नाही. तो खाजगी मालकाच्या हुकूमशाहीत जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. चित्रपटातील प्रमुखाला दिलेले ते उत्तर आहे, आणि ते चित्रपटाच्या २९ वर्षे आधी दिलेले आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. राज्य तरी कोठे जातमुक्त आहे? मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनीच दाखवून दिले होते की रेल्वेत अस्पृश्याला हमाल करत नसत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत. ती रेल्वे तेव्हा सरकारच्या ताब्यात होती. पण फरक असा की राज्याला जाब विचारता येतो. संविधानाच्या कलम १६(४)ने राज्याच्या नोकऱ्यांत आरक्षण आले. कंपनीला ते कलम लागू होत नाही. सरकारी उद्योग विकला गेला की त्याच्याबरोबर आपले कलमही विकले जाते, आणि कायम नोकरीच्या जागी ठेकेदार येतो. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार मेले. अशा वेळी मेलेला माणूस कुणाचा कामगार होता, ठेकेदाराचा की कंपनीचा, येथपासून वाद घालावा लागणे ही आजच्या कामगाराची सर्वत्र झालेली गत आहे.

दलित तरुणाने उद्योग काढू नये, असे येथे म्हणायचे नाही. जरूर काढावा. काही माणसे मालक होतील आणि त्यांचा आनंदही मानावा. पण काही माणसे मालक झाली म्हणजे गिरणीतला धागा आपोआप शुद्ध होत नाही. महाकंपनीत सारेच भागधारक होतील, असे चित्रपटातील प्रमुख सांगतो. वाटा किती, तो कुणाला, आणि हिशेब कोण तपासणार, हे मात्र तो सांगत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. खाजगी उद्योगांत प्रतिनिधित्व, ठेकेदारी कामगाराच्या जिवाची जबाबदारी थेट कंपनीवर, भूसंपादनात भूमिहीनाचा हिस्सा, आणि पाणी, शाळा, दवाखाना यांची सार्वजनिक मालकी. दरवर्षी २० मार्चला हजारो माणसे महाडला येतात. चवदार तळ्याला वंदन करताना आपण मनुस्मृती आठवतो, ते योग्यच आहे. त्याच वेळी ते तळे खाजगी ठरवू पाहणारा दावाही आठवला पाहिजे, कारण तो दावा आज नव्या नावांनी पुन्हा दाखल होतो आहे.