शब्दवेध : ग्वो
जुन्या चिनी शहरांना दुहेरी तटबंदी असे. त्यातल्या बाहेरच्या तटाला म्हणत ‘ग्वो’. तटालगत राहणाऱ्या काहींना तेच आडनाव चिकटलं, पण मोठा प्रवाह वेगळा. ग्वो नावाचं एक राज्य जिन राज्याने इ.स.पू. ६५५ मध्ये गिळलं. परंपरा सांगते, तिथले वंशज मग उच्चाराने जवळचं असलेलं हे तटाचं अक्षर लावू लागले. बुडालेलं राज्य आडनावात टिकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. खगोलज्ञ ग्वो शौजिंग याच आडनावाचा. त्याच्या १२८१च्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं, ग्रेगोरियन वर्षाइतकंच काटेकोर! आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या पत्नी, परिचारिका ग्वो छिंगलान. चीनमध्ये लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. त्या अखेरपर्यंत ग्वोच राहिल्या.