पुण्याची १९२७ ची परिषद : शिक्षणापासून कायद्यापर्यंत

जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा तिच्यापुढे विषय एकच होता : मुलींचे शिक्षण. राजकारणाला कटाक्षाने दूर ठेवले होते. मुलींना कसले शिक्षण हवे ते स्त्रियांनीच एकमुखाने सरकारला सांगावे, असे आवाहन बंगालचे शिक्षण संचालक ओटन यांनी बेथून कॉलेजच्या समारंभात केले होते. ते मनावर घेऊन मार्गारेट कझिन्स यांनी प्रांतोप्रांती पत्रे पाठवली. इतक्या सौम्य हेतूने सुरू झालेली ही परिषद तीनच वर्षांत विवाहाच्या कायद्यासाठी झगडताना दिसते. याचे श्रेय कुणा एका नेत्रीच्या धाडसाला देण्यापेक्षा परिषदेच्या घडणीला द्यावे, असे मला वाटते.

सभा त्याआधीही होत होत्या. १९०४ मध्ये मुंबईत रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भारत महिला परिषद भरली होती. पण ती पुरुषांच्या सामाजिक परिषदेला जोडून भरे. पुण्याची रीत निराळी होती. आधी गावोगावच्या स्थानिक सभांनी आपल्या मागण्या ठरवल्या आणि मगच प्रतिनिधी पुण्याला आल्या. अशा सभांत अभ्यासक्रमाची चर्चा फार वेळ अभ्यासक्रमापुरती राहू शकत नाही. शाळा काढली तरी दहाव्या-अकराव्या वर्षी लग्न होऊन मुलगी घरी बसणार असेल, तर वर्ग भरणार कसे? म्हणून बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखालील त्या पहिल्याच अधिवेशनात बालविवाहाविरुद्ध ठराव झाला. पुढचे अधिवेशन १९२८ मध्ये दिल्लीत, भोपाळच्या बेगमसाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच वर्षी सरकारने संमतिवयाच्या चौकशीसाठी मोरोपंत जोशी यांची समिती नेमली आणि तिच्यावर रामेश्वरी नेहरू होत्या. १९२९ मध्ये शारदा कायदा संमत झाला. मुलींसाठी विवाहाचे किमान वय १४ ठरले.

या परिषदेवर एक जुना आक्षेप आहे : राण्या, बेगमा आणि उच्चशिक्षित घरच्या स्त्रिया एकत्र येऊन इंग्रजीत ठराव करत, त्यात कष्टकरी बाईचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. प्रतिनिधींमध्ये शेतमजूर किंवा दलित स्त्रीचा आवाज नव्हता, ही त्या चळवळीची मोठीच उणीव. तरीही संस्थानिक घराण्याचे नाव पाठीशी असल्यामुळे सरकारदरबारी दार उघडले, हेही विसरता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की शारदा कायदा कागदावरच राहिला. अंमलबजावणी फारच दुबळी होती, हे मान्यच करावे लागते. पण वर्षातून एकदा भरणारी सभा एवढीच परिषद असती, तर कायदा होताच तिचे काम संपले असते. तसे झाले नाही. शिक्षणासाठी उभारलेल्या निधीतून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले. १९३४ पासून परिषदेने हिंदू स्त्रीच्या वारसा आणि विवाहविषयक हक्कांची मागणी लावून धरली. १९४६ मध्ये, हंसा मेहतांच्या काळात, स्त्रियांच्या हक्क-कर्तव्यांची सनद तयार झाली. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने वारसा देणारा कायदा व्हायला मात्र १९५६ साल उजाडावे लागले.