लंकेला जावे कोणत्या महिन्यात?

वाल्मीकींच्या रामाला लंकेचा शोध सुरू करण्यापूर्वी चार महिने थांबावे लागले. वालीचा वध होऊन सुग्रीव गादीवर बसला तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. राम-लक्ष्मणांनी प्रस्रवण पर्वतावरच्या गुहेत मुक्काम ठोकला आणि शरद लागून वाटा सुकल्यावरच वानरांच्या टोळ्या चारी दिशांना निघाल्या. ती लंका म्हणजे आजचे श्रीलंका बेट की दुसराच कुठला मुलूख, हा वाद पंडितांचा. आपण त्यात न पडलेले बरे. सीतेच्या शोधाइतके निकडीचे कामही पावसाने चार महिने अडवून धरले, एवढी नोंद आपल्याला पुरे. आज दादरच्या किंवा कोथरूडच्या ट्रॅव्हल एजंटाला हाच प्रश्न विचारला, तर तो मान वर न करता सांगतो, ‘डिसेंबर ते मार्च’. हे उत्तर त्रिकालाबाधित वाटावे इतके ठाम असते. प्रत्यक्षात त्याचे वय दीडशे वर्षांच्या आतले आहे आणि ते अर्ध्याच बेटाला लागू पडते.

आपण आधी रोमन काळात जाऊ. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इ. स. ७७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आपल्या ज्ञानकोशात एक हकिकत दिली आहे. तांबड्या समुद्रावरचा कर वसूल करण्याचा मक्ता आन्नियस प्लोकामस नावाच्या गृहस्थाकडे होता. त्याने दास्यातून मुक्त केलेला एक माणूस अरबस्तानाला वळसा घालत असताना उत्तरेच्या वाऱ्यात सापडला आणि पंधराव्या दिवशी थेट ताप्रोबाने, म्हणजे लंकेच्या एका बंदराला लागला. राजाने त्याला सहा महिने ठेवून घेतले आणि पुढे सम्राट क्लॉडियसकडे आपले चार वकील पाठवले. प्लिनी सांगतो की तिथले खलाशी वर्षातले चारच महिने समुद्रात उतरतात आणि कर्कसंक्रमणानंतरचे शंभर दिवस कटाक्षाने टाळतात. २१ जूनपासून शंभर दिवस मोजले तर आपण सप्टेंबरच्या अखेरीस पोचतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर नेमका तोवरच असतो. आपल्याकडचे कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या लोटतात. लंकेच्या खलाशांनी त्याही पुढे महिना-दीड महिना कळ काढलेली दिसते. लंकेला केव्हा जाऊ नये हे सांगणाऱ्या लेखी सल्ल्यांमध्ये याहून जुना फारसा सापडणार नाही. मात्र हा सल्ला समुद्राविषयीचा आहे. बेटावर उतरल्यावर हवा कशी असेल, याची चौकशी तेव्हा कोणी करत नव्हते.

ती चौकशी बेटावरच्या यात्रेकरूंना करावी लागली आणि त्यांनी तिचे उत्तर पक्के बसवले. लंकेच्या मधोमध डोंगरांचा मोठा पुंजका आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आला की तो पश्चिम उतारावर रिता होतो आणि पूर्व-उत्तरेला कोरडा पोचतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा सुटला की पाळी उलटते. शेतकऱ्यांचे ‘महा’ आणि ‘याल’ हे दोन हंगाम याच दोन पावसांवर बेतलेले. यात्रांची पंचांगेही तशीच. सम्राट अशोकाचा पुत्र महिंद याने धर्म आणला तो पोसोन पौर्णिमेला, असे महावंस सांगतो. जूनमध्ये येणाऱ्या या पौर्णिमेला मिहिंतलेच्या टेकडीवर लोटणारी गर्दी कोरड्या टापूतल्या कोरड्या दिवसांत चालते. उलट २२४३ मीटर उंचीचे श्रीपाद शिखर ओल्या बाजूला आहे, म्हणून तिथली यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला उघडते आणि मे महिन्यात वैशाखी पौर्णिमेला मिटते. शिखरावरचे पाऊल बुद्धाचे, शंकराचे की आदमचे, यावर भाविकांचे एकमत नाही. पण चढायचे कधी, याबद्दल कोणाचा वाद नाही. माझ्या मते बेटाचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे प्रवासी वेळापत्रक हेच आहे.

परक्यांना हा दुहेरी कारभार कळायला फार वेळ लागला. चिनी भिक्षू फा-हियान पाचव्या शतकाच्या आरंभी ताम्रलिप्तीहून हिवाळी वाऱ्यावर निघाला आणि चौदा दिवसांत सिंहलद्वीपी उतरला. दोन वर्षे राहून त्याने लिहिले की इथे उन्हाळा-हिवाळा असा फरक नाही, झाडे सदा हिरवी आणि पेरणीला ठरावीक काळ नाही. अनुराधपुरासारख्या कोरड्या प्रदेशात राहून त्याला असे वाटले याचे श्रेय तिथल्या तलावांना द्यावे लागेल. राजांनी पाणी साठवून हंगामाची धार इतकी बोथट केली होती की पाहुण्याला तो जाणवलाच नाही. तरी याच माणसाला एके दिवशी तिथल्या बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा दिसला आणि घरच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. पुढे १३४४ मध्ये इब्न बतूता मालदीवहून निघाला तो कोरोमंडलच्या किनाऱ्याकडे. वाऱ्याने त्याला लंकेला नेऊन घातले, तेव्हा आल्यासारखा तो श्रीपादही चढून आला. १५०५ च्या सुमारास लोरेन्सो द आल्मेदाची पोर्तुगीज गलबतेसुद्धा अशीच भरकटत आली. शतकानुशतके लंकेला जाण्याचा महिना प्रवासी ठरवत नव्हता, वारा ठरवत होता.

हे कोडे पहिल्यांदा नीट मांडले ते एका कैद्याने. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज तरुण ज्या जहाजावर होता त्याची डोलकाठी नोव्हेंबर १६५९ मधल्या वादळात मोडली. ती बसवायला जहाज त्रिंकोमालीजवळ आले आणि कँडीच्या राजाच्या माणसांनी कप्तानासह खलाशांना धरले. नॉक्स एकोणीस वर्षे अडकला, १६७९ मध्ये निसटला आणि १६८१ मध्ये लंडनला त्याचे पुस्तक निघाले. त्यात तो सांगतो की पश्चिमेचा वारा असताना पाऊस पश्चिमेला आणि पूर्व कोरडी, पूर्वेचा वारा असताना बरोबर उलट, आणि ही वाटणी बेटाच्या मध्यावर होते. एका डोंगराच्या या अंगाला तो पावसात भिजत असे आणि पलीकडे उतरताच जमीन इतकी तापलेली की अनवाणी पाय टेकवेना. तो अनवाणीच हिंडत होता, कारण तिथली रीत तशी होती. पायाच्या तळव्याला लागलेले हे हवामानशास्त्र आहे. पाचच वर्षांनी, १६८६ मध्ये, एडमंड हॅले याने व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा छापला.

डच आणि इंग्रजांच्या अमदानीत मोसमाला रोकडा भाव आला तो मन्नारच्या आखातात. मोत्याच्या शिंपल्यांसाठी समुद्र शांत आणि पाणी नितळ लागते, आणि ते दोन मोसमी वाऱ्यांच्या सांध्यात, मार्च-एप्रिलच्या आसपासच मिळते. तेवढ्यासाठी मरिच्चुकट्टीच्या ओसाड वाळूवर हजारो माणसांचे झापांचे शहर उभे राही. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पाऊल दगडात अडकवून तळाशी जाई आणि मिनिटभरात जाळीभर शिंपले गोळा करून दोरीला हिसका देई. शार्क माशांची बाधा होऊ नये म्हणून मंत्र घालणारा माणूस ठेवलेला असे आणि त्याला सरकार पगार देत असे. इंग्रजांच्या हिशेबीपणाबद्दल आदर वाढावा अशी ही नोंद आहे. पुढे लेखक म्हणून नाव कमावलेला लेनर्ड वुल्फ १९०६ मध्ये इथे सरकारी कामावर होता. आदल्याच वर्षीच्या हंगामात विक्रमी शिंपले निघाले होते. मग रया गेली आणि हे शहर वसायचे थांबले.

दरम्यान हंगाम या कल्पनेत एक नवी गोष्ट शिरली होती, ती म्हणजे गोऱ्या माणसाचा घाम. १८१९ मध्ये डॉ. जॉन डेव्ही नुवारा एलियाच्या पठारावर पोचला. सुमारे १९०० मीटर उंचीवरची ती हवा पाहून गव्हर्नर एडवर्ड बार्न्स याने तिथे बंगला बांधला आणि आजारी सोल्जरांसाठी आरोग्यधाम काढले. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईचा गव्हर्नर माल्कम महाबळेश्वर वसवत होता. एप्रिलमध्ये कोलंबो भाजून निघाले की साहेब वर जाई. घोड्यांच्या शर्यती, फुलांची प्रदर्शने, नाचगाणी. सिंहली-तमिळ नववर्ष एप्रिलच्या मध्यावरच येत असल्यामुळे साहेब गेल्यावर हा मोसम देशी लोकांनी अलगद उचलला. आजही एप्रिलमध्ये नुवारा एलियाला खोली मिळणे कठीण.

खरे वळण मात्र सिमेंट-दगडाचे आहे. कोलंबोचे बंदर नैर्ऋत्य वाऱ्याला उघडे होते, म्हणून टपालाच्या आगबोटी गॉलला थांबत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वर्दळ वाढली आणि ८ डिसेंबर १८७५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोलंबोच्या लाटारोधक भिंतीचा पाया घातला गेला. दहाएक वर्षांत ती उभी राहिली आणि गॉलचे महत्त्व ओसरले. प्लिनीने सांगितलेले शंभर दिवस त्या भिंतीआड निकालात निघाले. बोट आता बाराही महिने लागू शकत होती आणि जायचे कधी हे प्रवाशाच्या मर्जीवर आले. त्याची मर्जी होती युरोपातली थंडी चुकवण्याची. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल १८८१-८२ चा हिवाळा इथे काढून गेला. अशा पाहुण्यांना डिसेंबर ते मार्च सोयीचा होता आणि योगायोगाने कोलंबोची बाजू त्याच दिवसांत कोरडी असते. दोन सोयींची गाठ पडली आणि ‘सीझन’ जन्माला आला. डी. एच. लॉरेन्स १९२२ च्या मार्चमध्ये, म्हणजे मुहूर्त साधून कँडीला आला, तरी उकाड्याने बेजार होऊन महिना-दीड महिन्यात ऑस्ट्रेलियाला निघून गेला. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले ते १९५० च्या मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस दाराशी असताना. ज्याला कामासाठी जायचे असते तो पंचांग बघत बसत नाही.

१९६६ मध्ये सिलोन टुरिस्ट बोर्ड स्थापन झाले. त्या वर्षी १८,९६९ परदेशी पाहुणे आले. १९८२ मध्ये ही संख्या चार लाखांवर गेली. त्यांतले पुष्कळ युरोपीय, म्हणून हॉटेले विमानतळाला जवळच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बेंटोटा-हिक्कडुवाला झाली. पूर्वेकडे निलावेली, पासिकुडा इथेही बांधकामे सुरू झाली होती. मे ते सप्टेंबरचा दुसरा हंगाम तिथे आकाराला येत होता. मग जुलै १९८३ च्या दंगली झाल्या आणि युद्ध पेटले. पूर्व किनारा पाव शतक माहितीपत्रकांतून पुसला गेला. त्या बाजूचा उन्हाळा दरवर्षी येत-जात होताच, पण तो विकायला कोणी उरले नव्हते. एजंटाच्या तोंडी बसलेले ‘डिसेंबर ते मार्च’ हे उत्तर या काळात घोटून पक्के झाले. २००९ मध्ये युद्ध संपले, पासिकुडाला नवी हॉटेले उभी राहिली, अरुगम बे इथे मे ते सप्टेंबर लाटांवर स्वार होणाऱ्यांची झुंबड उडू लागली. चहाचे मळेवाले मात्र हे कधीच विसरले नव्हते: दिंबुळाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चचा, आणि डोंगरापलीकडच्या ऊवाचा जुलै ते सप्टेंबरचा, कोरड्या वाऱ्यात पान आक्रसते तेव्हाचा.

मराठी कुटुंबांची अडचण वेगळीच आहे. आपल्याला सुट्टी मिळते दिवाळीत नाही तर मे महिन्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन वाऱ्यांमधला काळ. तेव्हा बेटावर कुठेही दुपारी गडगडाट होतो आणि वादळेही येतात. २३ नोव्हेंबर १९७८ च्या चक्रीवादळाने बट्टिकलोआ उद्ध्वस्त केले होते. मे महिन्यात पश्चिम उतारावर पाऊस सुरू होतो; मे २०१६ मध्ये अरनायके इथे अख्खा डोंगर घसरला. तरीही त्याच मे महिन्यात कँडी-बेंटोटाचे पॅकेज सवलतीत विकले जाते आणि पर्यटक हॉटेलच्या खिडकीतून समुद्र पाहून परततात. त्या दिवसांत त्रिंकोमालीला ऊन असते, समुद्र निवळलेला असतो आणि नशीब असेल तर देवमासेही दिसतात. कोलंबोहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात. वाट थोडी वाकडी केली तर सिगिरिया गाठता येते आणि तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या महासेन राजाचा मिन्नेरिया तलावही. तलावाच्या आटलेल्या पात्रातल्या कोवळ्या गवतावर शेकडो हत्ती जमतात ते मात्र जुलैनंतर, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, आणि तोवर आपल्याकडच्या शाळांत घटक चाचण्या सुरू झालेल्या असतात.