हल बंदरातल्या बायका आणि आपले खलाशी

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमारांची यादी वेगळी असते. आपल्या नवापूर-बोईसरकडे ती बातमी चार ओळींची. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र त्या यादीकडे डोळे लावून बसलेली घरं आहेत.

पावसाळी बंदी संपली की तिकडची पोरं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात हद्दीचा दगड नसतो. सर क्रीकचा वाद अजून लोंबकळतोय. बोट थोडी पुढे गेली की पाकिस्तानी गस्तीच्या हाती लागते आणि खलाशी कराचीच्या मालीर जेलात. ६ नोव्हेंबर २०२१ ला तर ‘जलपरी’ बोटीवर गोळीबार झाला. त्यात आपल्या वडराईचा तरुण गेला.

आता थोडं लांबचं सांगतो. इंग्लंडमधल्या हल बंदरातले ट्रॉलर कॉड माशासाठी तीन-तीन आठवडे आइसलँडच्या बर्फाळ समुद्रात जात. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथले तीन ट्रॉलर बुडाले, ५८ माणसं गेली. एका बोटीवर तर रेडिओ ऑपरेटरच नव्हता. तेव्हा खलाशांच्या बायका रस्त्यावर उतरल्या. लिलियन बिलोका ही त्यांची पुढारी. हजारो सह्या घेऊन त्या थेट लंडनला मंत्र्यांकडे गेल्या आणि प्रत्येक ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटर हवाच, हे मान्य करून घेतलं.

पुढे आइसलँडने हद्द २०० सागरी मैलांवर नेली. जहाजं एकमेकांवर आदळली, जाळी कापली गेली. तरी १९७६ मध्ये दोन्ही देशांनी करार करून भांडण मिटवलं.

आपल्याकडेही २००८ चा करार आहे. शिक्षा संपली आणि नागरिकत्व पटलं की महिन्याभरात सुटका, असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात शिक्षा काही महिन्यांची आणि कैद वर्षानुवर्षं!

नागरिकत्व पटायला कागद लागतात. म्हणून ग्रामपंचायतींना एकच मागणं: कोण, कोणत्या बोटीवर, कोणत्या बंदरातून गेला, याची नोंदवही ठेवा आणि ओळखपत्राची प्रत जपून ठेवा. दिल्लीचा निर्णय आपल्या हातात नाही, नोंदवही आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडतंय?