मामंजींची पलटण

आजीच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, पहिल्या महायुद्धातल्या कुतच्या वेढ्यात घोड्याचं मांस खाल्लं की नाही, यावरून आमच्या भावकीत ते गेल्यानंतरही वाद होत. लढाई संपून ते घरी आले तेव्हा गावच्या जाणत्यांनी त्यांना देवळासमोर बसवून हे सरळ विचारलं होतं. ते म्हणाले, "जे उपाशी मेले त्यांना इचारा." आणि उठून घरी आले. आजी हे सांगायची तेव्हा ‘मामंजी’ म्हणताना पदर सारखा करायची आणि आम्हा मुलांना पुढचं काही विचारू द्यायची नाही.

पणजोबा ११७ नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांवर धाडलेली सहावी डिव्हिजन ‘पुणे डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आलं. तिथंच थांबले असते तर माझ्या घराचा इतिहास वेगळा झाला असता. पण इंग्रज वरिष्ठांना बगदादची हाव सुटली. जनरल टाउनशेंड तैग्रिस नदीच्या काठानं फौज वर वर नेत राहिला, मागे रसद पुरेशी नव्हती, दवाखान्याच्या होड्या पुरेशा नव्हत्या. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुंबळ लढाई झाली आणि फौजेतली चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. स्प्रिंगा नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून जखमींना नदीपर्यंत आणलं. "हाडं मोडलेली माणसं वरडायची, अन् गाडी हाकणारा रडायचा," हे वाक्य आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेलं.

मग कुत. नदीच्या वळणात वसलेलं, तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेलं गाव. ७ डिसेंबरला तुर्कांनी चौथी बाजूही बंद केली आणि जवळजवळ पाच महिने ती उघडली नाही. जानेवारीच्या अखेरीपासून घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खात, आपले बहुतेक खात नसत. टाउनशेंडनं हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवून घेतली. तरी शिपायांचं भय तेच होतं: परवानगी देणारे दूर, गावात जाब विचारणारे वेगळे, उद्या पोरींची लग्नं अडतील. पणजोबांना देवळासमोर बसवलं गेलं, म्हणजे ते भय खोटं नव्हतं. त्या जाणत्यांचा मला अजूनही राग येतो. भाजीपाला न मिळाल्यानं हिरड्या सुजून रक्त यायचं, शिपाई खंदकांच्या कडेचा दिसेल तो पाला शिजवून खात. पीठ रोज मूठभरावर आलं तेव्हा, एप्रिलच्या मध्यात, हजारोंनी घोडा खाल्ला. त्यांत पणजोबा होते की नाही, ते त्यांच्याबरोबर गेलं.

२४ एप्रिलला दोनशे सत्तर टन रसद घेऊन ‘जुलनार’ नावाची आगबोट वेढा फोडायला निघाली. ती वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. नोकरचाकर धरून तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई उन्हातून बगदादला, तिथून रेल्वेनं सामर्‍याला आणि पुढे पायी मोसुल, नुसैबिन, रास-अल-ऐनपर्यंत गेले. तिथं बगदाद रेल्वेच्या कामावर त्यांना जुंपलं. हजारो जण वाटेत आणि छावण्यांत मेले.

आजीनं सांगितलेल्या एका आठवणीचा अर्थ मला मोठेपणी कळला. पणजोबा परक्या गावात विहिरीवर गेले की आधी काठावर वाकून आत नीट बघत, मग पोहरा सोडत. बाया हसायच्या. रास-अल-ऐनच्या परिसरात त्याच १९१६ मध्ये हजारो आर्मेनियनांची कत्तल झाली होती आणि विहिरींत प्रेतं टाकलेली होती. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये असलेले शिशिर सर्वाधिकारी याच कैदेतून परतले आणि त्यांनी बंगालीत ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक लिहिलं. पणजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांचं रास-अल-ऐन त्या वाकण्यात राहिलं.

मराठा पलटणींचा सन्मान पुष्कळ झाला. ११७ ला १९२१ मध्ये ‘रॉयल’ किताब मिळाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकातच्या एका लढाईत ११४ नंबरच्या मराठ्यांनी अठ्ठावीस शौर्यपदकं मिळवली. बसऱ्याचं मोठं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. त्यावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. त्यात इंग्रज शिपाई नावानिशी आहेत, आपले सुभेदार-जमादार नावानिशी आहेत, आणि आपले साधे शिपाई फक्त आकड्यात. २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. साताऱ्याकडे आणि कोकणात इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही तेच: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले.

आमच्या गावची पाटीही अशीच आहे. म्हणून आता भावकी-भावकीत बसून मी नावं लिहून घेतो आहे. म्हातारी माणसं घराच्या क्रमानं सांगतात, चुलत्याचा चुलता, त्याचा धाकटा भाऊ. महारवाड्यातून दोन नावं आली. १९१७ मध्ये उभारलेल्या १११ नंबरच्या महार पलटणीत ते गेले होते. सरकारनं ती पलटण १९२१ मध्ये मोडली आणि गावानंही त्यांना मोजलं नव्हतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, त्यांतला एक तर लढला नाही, नुसतं पाणी भरायचा. मी म्हटलं, कुतमध्ये नदीवर पाण्याला जाणाऱ्यावरही गोळी यायचीच. त्याचं नाव गाळलं तर पणजोबांचंही लिहू नका. थोडा वेळ बाचाबाची झाली. शेवटी सरपंचबाईंनी वही ओढली आणि ते नाव स्वतः लिहिलं.